दौलतचा पहारा

केसरीनाथनं वीणेचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढला आणि नवशाच्या गळ्यात घातला. भोपळा छातीशी टेकला तशी तार आतल्या आत गुणगुणली, झोपेत कूस बदलणाऱ्या लहान मुलासारखी. मग म्हातारा रिवाजाप्रमाणे वाकला आणि त्यानं नवशाच्या पायांना हात लावला. नवशा दचकून मागे सरकला.

“सरकू नको,” केसरीनाथ म्हणाला. “वीणेला वाकतोय. तुला न्हाय. आता तू वाक.”

नवशानं एका हातानं वीणा सावरली आणि दुसऱ्या हातानं म्हाताऱ्याच्या पायांची धूळ कपाळाला लावली. तुळशीची माळ पट्ट्यात अडकली होती, ती त्यानं सोडवली. बोटं ओली झाली होती. त्यानं तार छेडली आणि तोंडातल्या तोंडात नाव घेतलं. रामकृष्णहरी.

“टाळाला कोन?” त्यानं विचारलं.

“दोघांना सांगलंय. आले तं आले.” केसरीनाथनं खांद्यावरचं उपरणं झटकलं. भजनी मंडळात त्याचा शब्द चाले, पण आज तो दाराकडं बघत बोलत होता. “तुझ्या पहाऱ्याला बसायला कोनाचे पाय सहज उचलनार न्हाईत, तुलाबी ठावं हाय. तू आपला उभा राहा. चारला अनंता येल, तो घेल तुझ्याकरून. मी मानकोलीला जातो. कीर्तनकार बुवांची गाडी ट्राफिकमदी अडकलीय.”

तो पायरीपर्यंत गेला आणि परत वळला.

“वरसं झाली तुला देवळात झाडू मारताना. वीणा कदी मागितली न्हाईस, म्हनून दिली. आता ऐक. कायबी झालं तरी ती खाली टेकवाची न्हाय. दुसऱ्यानं गल्यातून घेतली तरच ती गल्यातून निंघते. गावाचा सप्ताह हाय, तुझा एकट्याचा न्हाय.”

नवशानं मान हलवली. गाव सात दिवस वीणा उभी ठेवी. रात्र असो, दिवस असो, या गळ्यातून त्या गळ्यात, जमिनीला न लागता ती चालत राही, आणि तिच्याबरोबर नाव. शेवटच्या दिवशी काल्याची हंडी फुटली की मगच ती देवाच्या पायाशी टेकायची. अधेमधे टेकली तर सप्ताह मोडला. मोडलेला सप्ताह या गावानं अजून पाहिला नव्हता.

केसरीनाथची स्कूटर गेली. देवळात पंख्याचा आवाज उरला, आणि तार. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून दुपारी भोंगा बंद ठेवत. नवशाचा आवाज सभामंडपाच्या फरशीपलीकडं जात नव्हता. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. ज्या खाजणात पूर्वी भात उभं राहायचं तिथं आता गोदामांचे गाळे उभे होते, निळ्या पत्र्यांचे, एकाला एक चिकटून, आणि त्यांच्यामधून कंटेनर मागं घेताना वाजणारी शिट्टी अधूनमधून येई.

दुपारचा पहारा कुणाला नको असायचा. जेवणं झालेली असत, डोळे जड होत. एकच माणूस तो दर वर्षी मागून घेई. दौलत. या देवळाला वीणा त्याच्या बापानं वाहिलेली. दौलत गेला तेव्हापासून हा पहारा गावात पोरक्यासारखा फिरला, आज याच्या दारी, उद्या त्याच्या.

आणि दौलतला नवशानंच मारला होता.

ते गावाला ठाऊक होतं. कोर्टाला ठाऊक होतं. त्या वेळी नवशा एका शेठसाठी जमिनी मोकळ्या करायचा. नको म्हणणारा माणूस ‘हो’ म्हणेपर्यंत त्याच्या दारात उभं राहणं, हे त्याचं काम. दापोड्याच्या रस्त्याला लागून दौलतचा तुकडा होता आणि दौलत विकत नव्हता. तेही सप्ताहाचेच दिवस. नवशा कोयता टॉवेलात गुंडाळून देवळासमोरच्या पिंपळाखाली थांबला होता. आत दौलतच्या गळ्यात वीणा होती, म्हणून थांबला. उभ्या विणेकऱ्यावर हात टाकायचा नाही, एवढं त्या दिवसांतही त्याच्या हाडात होतं. दौलत नाव फार हळू घेई. एक ‘रामकृष्णहरी’ संपून दुसरं येईपर्यंत मधे एखादं शेत ओलांडावं इतकी जागा. पिंपळाखाली नवशा चडफडत होता, किती हळू म्हणतो हा माणूस, संपव की. मग दौलतनं वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, बाहेर आला आणि चप्पल घालायला वाकला.

तुरुंगात एक म्हातारे बुवा यायचे. त्यांनी माळ घातली. नवशानं त्यांना विचारलं होतं, याच्यानं फिटंल का? बुवा म्हणाले, ते मला माहीत नाही, तू म्हणत राहा. तेवढंच. नवशा म्हणत राहिला होता.

पायरीवर सावली पडली.

नवशाला वाटलं, टाळकरी आले. त्यानं मान वळवली. प्रितम होता, दौलतचा मुलगा. बाप गेला तेव्हा शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन रस्त्यात उभा राहिलेला पोर आता दारात मावत नव्हता. काळा टी-शर्ट, रुंद खांदे. हातात टॉवेल होता आणि टॉवेलात काहीतरी लांबट गुंडाळलेलं होतं.

प्रितमनं चपला पायरीखाली काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या. आत येऊन देवाला हात जोडले. मग खांबाला पाठ लावून खाली बसला आणि टॉवेल मांडीवर आडवा ठेवला.

नवशाची तार क्षणभर चुकली. पुन्हा लागली. नाव तोंडातून येत राहिलं, पण आता ते पोटातून येत नव्हतं, नुसतं जिभेवरून सुटत होतं. त्याला टॉवेलाची घडी दिसत होती. कुठं जाड, कुठं बारीक. ती घडी त्याला पाठ होती.

देवाच्या समोर समईची वात वाकडी झाली होती. नवशा तिच्याकडं बघत राहिला. अनंता येईल, त्यानं मनात म्हटलं. अनंता आला की मग काय, हे मात्र त्याला मनातही पुढं म्हणवेना. अनंता वीणा घेईल, आपला गळा मोकळा होईल, आणि मग आपण बाहेर जाऊ, चपलांपाशी.

रस्त्यावर एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं दारातून डोकं घातलं.

“भैया, ये डी वाला गाला किधर पड़ेगा?”

नवशा नाव थांबवू शकत नव्हता. त्यानं नुसतं डोळ्यांनी त्या माणसाला धरून ठेवलं. जाऊ नको, बस जरा, पाणी पी.

“सीधा जाओ,” प्रितम बसल्या जागेवरून म्हणाला. “वजनकाटे के बाद लेफ्ट.”

“प्रसाद मिलेगा क्या?”

प्रितमनं टॉवेल मांडीवरून बाजूला ठेवला, उठला, देवापुढच्या परातीतून मूठभर शिरा केळीच्या पानावर घेऊन ड्रायव्हरच्या ओंजळीत दिला. दिल्यावर सवयीनं हात कपाळाला लावला. ट्रक गेला. प्रितम पुन्हा येऊन बसला आणि टॉवेल पुन्हा मांडीवर घेतला.

दारातलं ऊन सरकत सरकत खांबाला लागलं. अनंता आला नाही.

“वेल झाली तुझी,” प्रितम म्हणाला. “काढ ती.”

“अनंता,” नवशा दोन नावांच्या मधे म्हणाला. “अनंता येतोय. रामकृष्णहरी.”

“न्हाय येत. मी घरी पाठवलाय त्याला. बोल्लो, तू झोप, मी बघतो.”

“आनि टाळवाले?”

“ते पन.”

नवशानं तार छेडली. घाम पापणीवरून खाली आला, पुसायला हात मोकळा नव्हता.

“मंग वीणा कोन घेनार?” त्यानं विचारलं.

प्रितमचं तोंड किंचित उघडं राहिलं. त्यानं दाराकडं पाहिलं, मग नवशाच्या गळ्यातल्या पट्ट्याकडं. घरातून निघताना सगळा विचार केलेला, आणि एवढी एकच गोष्ट राहून गेलेली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर तो दप्तरवाला पोर दिसला.

“खाली ठेव,” तो म्हणाला.

“ठेवता येत न्हाय.”

“मना शिकवू नको.”

“शिकवत न्हाय, बाला. तुझ्या आज्यानं वाहिलेली हाय.”

“आज्याचं नाव घेऊ नको. आनि मना बाला म्हनू नको.” प्रितमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “आई सांगते, तू पन थांबला होतास. बाहेर, पिंपलाखाली. वीणा उतरंपर्यंत थांबलास. तेवढा धरम पाललास. तेवढाच मी पन पालतोय. थांबतो मी. तू किती उभा राहतोस, बघू.”

नवशा उभा राहिला.

पोटऱ्या आधी दुखल्या, मग बधिर झाल्या, मग थरथरायला लागल्या. पट्टा मानेच्या मागं रुतत होता. तिथंच, दौलतच्याही त्याच जागी कोयता बसला होता. तो विचार त्यानं ढकलला आणि नाव पुढं केलं. डोळ्यांपुढं फरशीचे चौकोन पाण्यावरच्या होडीसारखे हलत होते. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती, आणि ती त्यानं घट्ट धरली. ऊन उतरलं की बाया हरिपाठाला येतील. बाया आल्या की प्रितम काही करू शकणार नाही. तोवर उभं राहायचं. वीणा गळ्यात आहे तोवर कुणी हात लावणार नाही. वीणा गळ्यात आहे तोवर. त्यानं ती छातीशी आवळून धरली आणि भराभर नाव घ्यायला लागला, रामकृष्णहरीरामकृष्णहरी, एकात एक पाय अडकल्यासारखं.

मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

तो नामाचा आवाज नव्हता. पळणाऱ्या माणसाच्या पायांचा असतो तसा होता. धाप लागलेला, मागं वळून बघणारा. इतकी वर्षं माळ घातली, झाडू मारला, सतरंज्या वाहिल्या, आणि आता दौलतच्या बापाची वीणा त्यानं पत्र्याच्या आडोशासारखी पुढं धरली होती. देव समोर होता. नवशाला त्याच्याकडं बघवेना. दौलत याच जागी उभा असायचा. त्याला बाहेर कोण थांबलंय हे माहीत नव्हतं, की माहीत होतं? पिंपळ दारातून सरळ दिसतो. नवशाला आजवर हे कधी सुचलं नव्हतं. इथं उभं राहिलं की पिंपळ सरळ दिसतो.

तरी दौलत हळूच म्हणत राहिला होता.

नवशानं उजवा हात वर नेला आणि पट्टा डोक्यावरून काढला. माळ पुन्हा अडकली, सोडवली. दोन्ही हातांवर वीणा आडवी घेऊन तो प्रितमकडं वळला.

“घे,” तो म्हणाला.

“काय?”

“पहारा. तुझ्या घरचा हाय.”

“मी न्हाय घेनार.”

“माझ्याच्यानं आता धरवत न्हाय.”

ते खोटं नव्हतं. भोपळा हातभर खाली आला. नवशानं सावरला. पुन्हा खाली आला, आणि नवशाचा गुडघा वाकला. प्रितम उठला कधी ते दोघांनाही कळलं नाही. टॉवेल फरशीवर पडला, आतलं लोखंड बोललं, आणि प्रितमचे दोन्ही हात वीणेखाली होते. पट्टा त्यानं स्वतःच डोक्यावरून घातला. भोपळा छातीशी लागल्यावर त्याची बोटं न सांगता तारेवर गेली. लहानपणी कुणीतरी त्यांना तिथं ठेवलं असणार.

आता वाकायचं होतं.

नवशा वाकला. त्यानं प्रितमच्या पायांवर हात ठेवले आणि डोकं खाली घातलं. मान उघडी पडली. पंख्याचा वारा तिला लागला, घाम थंड झाला. पाय तरुण होते, नखांत गाळ्यांच्या रस्त्याची लाल माती होती. नवशानं डोळे मिटले आणि वाट पाहिली. किती वेळ, त्याला सांगता आलं नसतं. मग तो उठला.

“मी वाकनार न्हाय तुला,” प्रितम म्हणाला.

“नको वाकू.”

टॉवेल दोघांच्या मधे पडला होता. एक पदर सुटला होता आणि आतल्या कोयत्याची मूठ दिसत होती. प्रितमनं तिच्याकडं पाहिलं, मग नवशाकडं, आणि त्याची तार थांबली. देवळात कुणी नव्हतं. त्यानं स्वतःच सगळ्यांना घरी पाठवलं होतं.

“वाजव,” नवशा म्हणाला. “थांबवू नको.”

तो खाली बसला आणि त्यानं टॉवेल उचलला. हाताला ते वजन लगेच ओळखू आलं, जुन्या ओळखीच्या माणसानं गर्दीत खांद्यावर हात ठेवावा तसं. प्रितम मागं सरकला. पाठ खांबाला लागली. त्याचा उजवा हात तारेवर, डावा दांडीवर, आणि दोन्ही सोडता येत नव्हते. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते नवशानं पूर्वी कितीतरी माणसांच्या डोळ्यांत आणलं होतं, दारात नुसतं उभं राहून. त्याला वाटलं होतं, आता ते पुन्हा कधी बघावं लागणार नाही.

त्यानं सुटलेला पदर मुठीवर गुंडाळला आणि टॉवेल घेऊन बाहेर गेला.

बाहेर पिंपळाची पानं हलत होती. पायरीखाली प्रितमच्या चपला, बाजूला त्याच्या स्वतःच्या. रस्त्यापलीकडं एक रिक्षा उभी होती, ड्रायव्हर मागच्या सीटवर पाय लांब करून पडला होता. खाडीपलीकडं बहीण होती. तासाभरात तिच्या दारात. सप्ताह उद्या उठेल, पोराचा राग उतरेल, केसरीनाथ मधे पडेल. आता त्याच्यामागं कुणी येऊ शकत नव्हतं. जो आला असता तो आत वीणेला बांधला गेला होता. नवशानं उजवा पाय चपलेत घातला.

आतून आवाज आला. बारीक, कोरडा, भराभर. रामकृष्णहरीरामकृष्णहरी. धाप लागलेल्या पायांचा. नवशानं तो ऐकला. अनंता घरी झोपलेला, केसरीनाथ ट्राफिकमध्ये. पोराच्या गळ्यातून वीणा घ्यायला गावात या घडीला एकच माणूस जागेवर होता.

त्यानं पाय चपलेतून काढला. कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुतले, पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. पाणी उन्हानं तापलेलं होतं. टॉवेल काखेत धरलेला होता. त्याला पाण्याचे शिंतोडे लागले.

तो आत आला तेव्हा प्रितम खांबालाच टेकून होता. नवशा त्याच्या जवळ गेला, खाली वाकला आणि टॉवेल त्याच्या उजव्या पायाशी ठेवला. आधी मांडीवर होता तसाच आडवा, मूठ त्याच्याकडं करून. मग भिंतीवरच्या खुंटीचे टाळ काढले, देवासमोर जाऊन बसला. प्रितमकडं पाठ झाली. बसायची जागा तिथंच होती, टाळकरी देवाकडं तोंड करून बसतात.

“माझ्याकरून कोन घेनार?” मागून प्रितमनं विचारलं.

“मी. तू बोलशील तवा.”

नवशानं टाळ वाजवायला सुरुवात केली. आवाज फुटका येत होता. दोन आवर्तनं झाली आणि मागची तार थांबली.

कापड सरकल्याचा आवाज आला. पुढच्या फरशीवर प्रितमची सावली होती, तिचे खांदे खाली आले. नवशानं टाळ थांबवला नाही आणि मान वळवली नाही. समईची वाकडी वात जळत होती, तो तिच्याकडं बघत राहिला. पाठीमागून एक श्वास आला, लांब, ओढून घेतलेला. लोखंड फरशीवरून घसरत गेलं. कुणीतरी पायानं ढकलावं तसं, भिंतीपर्यंत, सतरंज्यांच्या ढिगाखाली.

तार पुन्हा लागली.

“हलू वाजव,” प्रितम म्हणाला. थोड्या वेळानं, आवाज जरा जागेवर आल्यावर, त्यानं पुढचं म्हटलं. “बापूस हलू बोलाचा.”

नवशाला ते माहीत होतं. पिंपळाखाली उभं राहून त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं होतं. त्यानं टाळ हळू केला.